मूळ पेशींचे प्रत्यारोपण : आशा कोठवर, अपेक्षा किती?

जालना, प्रतिनिधी

एके दिवशी अचानक एका डोळ्यासमोर धुके आल्यासारखे वाटू लागते. काही आठवड्यांत ते आपोआप निवळते. पुढे काही महिन्यांनी पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जिना चढताना पाय जड होतात. कोणी मणक्यातील नस दबल्याचे सांगतो, कोणी 'बी-१२' जीवनसत्त्व कमी असल्याचे, तर घरचे लोक अशक्तपणा म्हणून विषय सोडून देतात. अशी वर्ष-दोन वर्षे निघून जातात. अखेर मोठ्या शहरातील रुग्णालयात एमआरआय तपासणी होते आणि पूर्वी कधी न ऐकलेले नाव कानावर पडते : मल्टिपल स्क्लेरोसिस. पाठोपाठ एखादा नातेवाईक भ्रमणध्वनीवर आलेली जाहिरात पुढे करतो. 'स्टेम सेल'च्या इंजेक्शनाने खराब झालेल्या नसा नव्याने तयार होतात, असा दावा तीत केलेला असतो. खर्चाचा आकडा लाखांत असतो आणि घरात कोणते वावर विकायचे याचा हिशेब सुरू होतो.

या हिशेबाला बसण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. 'स्टेम सेल' म्हणजेच मूळ पेशी या एकाच शब्दाखाली आज दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी रुग्णांसमोर येतात. त्यातील एक गेली सुमारे तीस वर्षे जगभरात तपासली गेलेली, ठरावीक रुग्णांना खरोखर लाभ देणारी, परंतु जोखमीची वैद्यकीय प्रक्रिया आहे. दुसरीच्या पाठीशी जाहिरातीपलीकडे फारसा आधार नाही. पहिलीतसुद्धा मूळ पेशी नसा दुरुस्त करीत नाहीत. मग त्या करतात तरी काय, हाच या लेखाचा विषय आहे.

शरीराचाच शरीरावर हल्ला

स्वतःच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने स्वतःच्याच चेतासंस्थेवर हल्ला करणे म्हणजे काय, याचा अनुभव महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम म्हणजेच 'जीबीएस'चा उद्रेक झाला. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले आणि काहींचा मृत्यू झाला. दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जाणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जिवाणूचा संसर्ग अनेक रुग्णांत आढळला. या जिवाणूच्या आवरणावरील काही घटक आपल्या नसांवरील घटकांसारखेच दिसतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये नसांनाच शत्रू समजतात आणि पायांपासून सुरू झालेला लुळेपणा वर चढत जातो.

जीबीएस हा एकदाच येणारा तडाखा असतो. योग्य काळजी मिळाली, तर बहुसंख्य रुग्ण त्यातून उठतात. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया हे त्यावरील उपचार होत. त्यासाठी मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाची गरज नसते, हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

मात्र याच कुळातील काही आजार एकदा येऊन जात नाहीत, तर मुक्काम ठोकतात. मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात 'एमएस' हा त्यांतील सर्वांत परिचित. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. एमएसमध्ये प्रतिकारक पेशी हे आवरण ठिकठिकाणी कुरतडतात. आवरण गेले की संदेश अडखळतो. कधी दृष्टी, कधी चाल, कधी लघवीवरील नियंत्रण बिघडते. बहुतेक रुग्णांत हा आजार प्रारंभी झटक्याझटक्याने येतो. झटका ओसरला की रुग्ण बराचसा सावरतो. परंतु प्रत्येक झटका मागे काही ना काही नुकसान ठेवून जातो आणि काही वर्षांनंतर झटके न येताही अपंगत्व हळूहळू वाढू लागते.

डोळ्यांच्या नसा व मज्जारज्जू यांना लक्ष्य करणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका म्हणजे 'एनएमओ', स्नायूंना मिळणारा संदेश अडवणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस आणि हातापायांच्या नसांना दीर्घकाळ ग्रासणारा 'सीआयडीपी' हे याच परिवारातील अन्य आजार होत.

हे आजार आपल्याकडे होतच नाहीत, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती तितकीशी खरी नाही. मुंबईतील पारशी समाजात एमएसचे प्रमाण लक्षणीय असल्याचे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्येच दाखवून दिले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मंगळूर शहरातील पाहणीत लाख लोकसंख्येमागे एमएसचे आठांहून काहीसे अधिक रुग्ण आढळले. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांवर होती. मंगळूरचे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. तथापि नुसता गुणाकार केला तरी हा आकडा दीडशेच्या आसपास जातो. गावोगाव विखुरलेली ही दीडशे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. अनेकांना तर आपल्या आजाराचे नावही ठाऊक नसण्याची शक्यता आहे.

बियाण्याच्या शेताचे उदाहरण

जालना जिल्हा बियाणे उद्योगासाठी देशभर ओळखला जातो. येथील अनेक शेतकरी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतात. त्यांना ही उपचारपद्धती समजणे तसे अवघड नाही.

बीजोत्पादनाच्या शेतात भिन्न वाणाची झाडे दिसू लागली की ती वेळीच उपटून काढतात. नव्याने उगवली की पुन्हा उपटतात. एमएसवरील नित्याची औषधे काहीशी याच पद्धतीने काम करतात. बिघडलेल्या प्रतिकारक पेशींना ती आवर घालतात आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. परंतु भेसळ इतकी माजली की उपटणे हाताबाहेर गेले, तर काय करायचे? अशा वेळी उभे पीक मोडून नांगर फिरवायचा आणि आधीच बाजूला काढून ठेवलेल्या पायाभूत बियाण्यापासून नव्याने पेरणी करायची, एवढाच मार्ग उरतो.

मूळ पेशींचे प्रत्यारोपण म्हणजे हेच होय. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील मूळ पेशी आधी काढून गोठवून ठेवतात. हे झाले राखून ठेवलेले बियाणे. त्यानंतर तीव्र केमोथेरपी देऊन बिघडलेली प्रतिकारक यंत्रणा मोडून काढतात. हा झाला नांगर. शेवटी साठवलेल्या पेशी परत दिल्या जातात आणि त्यांपासून रक्त व रोगप्रतिकारक यंत्रणा पुन्हा उभी राहते. नव्या पेशी लहान मुलाच्या प्रतिकारक पेशींप्रमाणे आपले कोण व परके कोण, याचा धडा नव्याने गिरवतात. मायलिनला शत्रू मानण्याची जुनी सवय अनेक रुग्णांत पुढे वर्षानुवर्षे परतत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. या उपचारातील खरा उपचार केमोथेरपी हा आहे. मूळ पेशी मेंदूत जाऊन नवे तंतू विणत नाहीत. मोडलेली रक्तनिर्मिती लवकर सावरावी, एवढेच त्यांचे काम असते. बियाणे बदलले म्हणून गेल्या हंगामात बुडालेले उत्पन्न परत येत नाही; येणारा हंगाम मात्र वाचतो. त्याचप्रमाणे प्रत्यारोपणाने पुढचे हल्ले थांबू शकतात. पूर्वी कायमचे तुटलेले तंतू त्याने जुळत नाहीत.

प्रत्यक्षात काय करतात?

ही प्रक्रिया साधारणपणे चार टप्प्यांत पार पडते. पहिल्या टप्प्यात सायक्लोफॉस्फमाइड हे औषध आणि जी-सीएसएफची इंजेक्शने देऊन अस्थिमज्जेतील मूळ पेशी रक्तात उतरविल्या जातात. रक्तातील बिंबिका वेगळ्या काढण्यासाठी वापरतात तशाच एका यंत्रातून रक्त फिरवून या पेशी गोळा करतात आणि अतिशीत तापमानात साठवतात. त्यासाठी हाडाला छिद्र पाडावे लागत नाही किंवा भूल देऊन शस्त्रक्रियाही करावी लागत नाही.

दुसऱ्या टप्प्यात रुग्णाला स्वतंत्र, जंतुविरहित कक्षात दाखल करून काही दिवस केमोथेरपी दिली जाते. तिच्या जोडीला एटीजी नावाचे द्रव्य देतात. शरीरात उरलेल्या, तसेच साठवलेल्या पेशींसोबत परत येऊ पाहणाऱ्या बिघडलेल्या प्रतिकारक पेशींचा नायनाट करणे हे त्याचे काम. तिसऱ्या टप्प्यात मूळ पेशी शिरेतून परत दिल्या जातात. हा टप्पा रक्त चढविण्याइतकाच साधा दिसतो.

खरी कसोटी चौथ्या टप्प्यात लागते. नव्या पांढऱ्या पेशी तयार होण्यास सुमारे दहा-बारा दिवस लागतात. या काळात शरीराला रोगप्रतिकारक शक्तीचे संरक्षण जवळपास नसतेच. साधा ताप जिवावर बेतू शकतो. रक्त व बिंबिका वरून द्याव्या लागतात. रुग्णालयातील मुक्काम बहुधा तीन ते चार आठवड्यांचा असतो आणि घरी परतल्यावरही अनेक महिने जपावे लागते. बालपणी घेतलेल्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात, कारण नव्या यंत्रणेला जुन्या लसींची ओळख राहिलेली नसते.

हे तंत्र आपल्या राज्याला नवे नाही. देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होते. कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांचा आधीपासून असलेला संधिवातासारखा स्वप्रतिकारक आजारही शमल्याचे जगभरातील डॉक्टरांच्या लक्षात आले आणि त्यातूनच ही नवी वाट निघाली. एमएससाठी पहिली प्रत्यारोपणे ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथे १९९५ च्या सुमारास झाली.

पुरावा काय सांगतो?

या विषयावरील सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका, ब्रिटन, स्वीडन व ब्राझील येथील चार केंद्रांत झटक्यांच्या स्वरूपातील एमएसचे ११० रुग्ण त्यात सहभागी झाले होते. निम्म्यांचे प्रत्यारोपण करण्यात आले, तर निम्म्यांना औषधे देण्यात आली. पाठपुराव्याच्या काळात औषधे घेणाऱ्या गटातील ३४ जणांचे अपंगत्व वाढले. प्रत्यारोपण झालेल्या गटात ही संख्या अवघी ३ होती. अभ्यासात एकही मृत्यू झाला नाही.

याआधी २०१६ मध्ये कॅनडातील २४ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. तेथे अधिक तीव्र केमोथेरपी वापरण्यात आली. प्रत्यारोपणानंतर एकाही रुग्णाला नवा झटका आला नाही. मात्र एका रुग्णाचा उपचारादरम्यानच मृत्यू झाला. नाण्याची ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. २०१७ मध्ये तेरा देशांतील २८१ रुग्णांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा पाच वर्षांनंतर सुमारे ४६ टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नसल्याचे दिसले. या रुग्णांत आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्यांचाच भरणा अधिक होता. त्यांपैकी ८ जण प्रत्यारोपणानंतरच्या शंभर दिवसांत दगावले होते.

योग्य रुग्णांची निवड आणि वाढलेला अनुभव यांमुळे आता चांगल्या केंद्रांतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आत आल्याचे युरोपातील नोंदी सांगतात. औषधांना दाद न देणाऱ्या, अतिशय सक्रिय व झटक्यांच्या स्वरूपातील एमएससाठी युरोपातील प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या संघटनेने या उपचाराला मान्यताप्राप्त उपचाराचे स्थान दिले आहे.

तथापि २०१९ च्या अभ्यासातील औषधांच्या गटाला आजची सर्वांत प्रभावी औषधे मिळालेली नव्हती, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. तो रास्त होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत प्रत्यारोपण हे फिंगोलिमोड या औषधापेक्षा बरेच सरस आणि नॅटालिझुमॅबपेक्षा किंचित सरस ठरले. ऑक्रेलिझुमॅब या औषधाच्या तुलनेत मात्र अल्पावधीत फारसा फरक आढळला नाही. प्रत्यारोपण आणि ही नवी औषधे यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या ब्रिटन, अमेरिका आदी देशांत हाती घेण्यात आल्या आहेत.

अन्य आजारांबाबतचा पुरावा आणखी मर्यादित आहे. कॅनडातील ओटावा येथे अत्यंत तीव्र मायस्थेनियाच्या ७ रुग्णांवर प्रत्यारोपण झाले व सातही जणांचा आजार औषधांविना शमला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एनएमओच्या १२ रुग्णांचा उत्साहवर्धक अहवाल शिकागोहून २०१९ मध्ये आला. परिणाम आश्वासक असले, तरी सात आणि बारा या संख्यांवरून सर्वांसाठी नियम ठरविता येत नाही. सीआयडीपीमध्येही नेहमीचे सर्व उपचार थकल्यानंतरच प्रत्यारोपणाचा विचार केला जातो.

लाभ कोणाला, कोणाला नाही?

आतापर्यंतच्या अनुभवावरून एक चित्र स्पष्ट झाले आहे. रुग्ण तरुण आहे, आजार होऊन फार वर्षे लोटलेली नाहीत, झटके वारंवार येत आहेत, एमआरआयमध्ये नवे व्रण दिसत आहेत, प्रभावी औषध घेऊनही आजार आटोक्यात येत नाही आणि रुग्ण अद्याप चालू शकतो, अशा परिस्थितीत प्रत्यारोपणाचा सर्वाधिक उपयोग होतो. त्यांतील काहींचे अपंगत्व कमीदेखील होते. त्याचे कारण असे की दाह थांबला की अर्धवट दुखावलेले तंतू स्वतःच सावरतात.

याउलट जो रुग्ण अनेक वर्षांपासून चाकाच्या खुर्चीला खिळला आहे, ज्याला नवे झटके येत नाहीत आणि एमआरआयमध्ये ताजा दाह दिसत नाही, त्याला या उपचारातून लाभ होण्याची शक्यता फारच कमी आणि धोका मात्र अधिक असतो. दुर्दैव असे की जाहिरातींचे लक्ष्य बहुधा हाच रुग्ण असतो. कारण त्याच्याकडील अन्य पर्याय संपलेले असतात आणि त्याच्या कुटुंबाची कोणतीही किंमत मोजण्याची तयारी असते.

धोके केवळ जंतुसंसर्गापुरते नाहीत. केमोथेरपीमुळे स्त्रियांची पाळी कायमची थांबू शकते आणि पुरुषांनाही वंध्यत्व येऊ शकते. एमएस हा मुख्यत्वे वीस ते चाळीस वयोगटातील आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळणारा आजार असल्याने हा प्रश्न अनेक घरांत कळीचा ठरतो. वीर्य अथवा स्त्रीबीज आधी साठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणे त्यामुळे गरजेचे आहे. सुनेच्या आजारावर चर्चा सुरू असताना हा विषय सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांसमोर काढणे अवघड जाते. मात्र केमोथेरपी सुरू झाल्यानंतर त्यावर बोलून उपयोग नसतो. काही रुग्णांत पुढे थायरॉइडसारखा दुसराच स्वप्रतिकारक विकार उद्भवतो, याचीही नोंद घ्यायला हवी.

जाहिरातीतील 'स्टेम सेल'

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. काही ठिकाणी रुग्णाच्या पोटावरील चरबीतून, अस्थिमज्जेतून अथवा नवजात बालकांच्या नाळेतून मिळविलेल्या पेशी शिरेतून किंवा पाठीच्या मणक्यातून टोचल्या जातात. केमोथेरपी नसते आणि दीर्घ मुक्कामही नसतो. 'एका दिवसात घरी', 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत' अशी आश्वासने दिली जातात. प्रतिकारक यंत्रणेला येथे हातच लावला जात नाही. बियाण्याच्या शेताच्या भाषेत सांगायचे तर भेसळीचे पीक तसेच उभे ठेवून वरून मूठभर दाणे फेकण्यासारखे हे आहे. अशा पेशींवर प्रामाणिक संशोधन सुरू आहे, हे खरे. मात्र त्यांनी एमएस बरा होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

'फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही' हा युक्तिवादही फसवा आहे. मॉस्कोत गर्भातील मूळ पेशी टोचून घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत व मज्जारज्जूत गाठी झाल्या आणि त्या परक्या पेशींपासूनच वाढल्या होत्या, हे २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे. रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे रक्तजनक मूळ पेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार असून, मूळ पेशींचे अन्य उपयोग संशोधन समजले जावेत, असे त्यांत नमूद आहे. संशोधन म्हटले की ते मान्यताप्राप्त नीतिमत्ता समितीच्या संमतीने आणि देशाच्या क्लिनिकल चाचणी नोंदवहीत नोंद करूनच व्हावे लागते. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत मूळ पेशींपासून बनविलेल्या उत्पादनांचा समावेश 'नवीन औषध' या व्याख्येत करण्यात आला आहे. 'संशोधन सुरू आहे' असे सांगायचे आणि त्यासाठी रुग्णाकडून लाखो रुपये घ्यायचे, असे जेथे घडते तेथे रुग्णाने सावध व्हावे.

जालन्याच्या रुग्णासमोरील वाट

एमएससाठी प्रत्यारोपण करणारी केंद्रे देशातील मोठ्या शहरांत आहेत. मराठवाड्यातील रुग्णाला त्यासाठी मुंबई, पुणे किंवा त्याहून दूरचा रस्ता धरावा लागतो. समृद्धी महामार्ग व रेल्वेमुळे मुंबईचा प्रवास सुकर झाला आहे. परंतु महिनाभराचा मुक्काम, सोबतच्या नातेवाइकाची सोय, बुडणारी मजुरी आणि पुढील वर्षभराच्या फेऱ्या यांचा हिशेब रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात नसतो. तो आधीच मांडलेला बरा.

महत्त्वाचे म्हणजे बहुसंख्य रुग्णांसाठी प्रत्यारोपण ही पहिली पायरी नाही. रिटुक्सिमॅब हे औषध ऑक्रेलिझुमॅबच्याच जातकुळीतील आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची देशी आवृत्ती बाजारात आणली आणि त्यानंतर ते तुलनेने स्वस्त झाले. मूळचे ते रक्ताच्या कर्करोगाचे औषध. परंतु एमएस व एनएमओमध्ये भारतातील मेंदूविकारतज्ज्ञ त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. हिपॅटायटिस 'बी' व क्षयरोगाच्या तपासण्या करून हे इंजेक्शन रुग्णालयात सलाइनवाटे देतात आणि साधारणतः सहा महिन्यांच्या अंतराने त्याची पुनरावृत्ती होते. ते वेळेत सुरू झाले, तर अनेकांवर प्रत्यारोपणाची वेळच येत नाही.

'वेळेत' या शब्दाला येथे सर्वाधिक महत्त्व आहे. वावर विकून घेतलेला उपचार पाच वर्षांनी जे परत आणू शकत नाही, ते पहिल्या-दुसऱ्या झटक्यानंतर झालेले निदान वाचवू शकते. तरुण व्यक्तीची एका डोळ्याची दृष्टी काही दिवसांत मंदावणे व डोळा हलविताना दुखणे, कमरेपासून खाली बधिरपणा येणे, मान खाली वाकविताच पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे काही आठवड्यांत ओसरली, तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नसतात. अशा वेळी साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठून मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तेथील घाटी रुग्णालयाचा आधार मराठवाड्यातील गरीब रुग्णांना पूर्वीपासून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचाही समावेश आहे. येथे शिकणाऱ्या डॉक्टरांना ही लक्षणे ओळखता आली, तर पहिल्या झटक्यापासून निदानापर्यंतचा काळ कमी होण्यास मदत होईल.

निदान करतानाच एमएस व एनएमओ यांतील फरकही स्पष्ट झाला पाहिजे. दोन्ही आजार वरकरणी सारखे दिसतात. परंतु एमएसवरील इंटरफेरॉनसारखी काही औषधे एनएमओच्या रुग्णाला अपाय करतात. २००४ मध्ये शोध लागलेल्या विशिष्ट प्रतिद्रव्याच्या रक्त तपासणीने हा फरक ओळखता येतो.

आर्थिक आधाराचे काही मार्गही ठाऊक असावेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात असलेल्या आरोग्यमित्राकडे करावी. मुख्यमंत्री सहायता निधीतून साहाय्य मिळणाऱ्या उपचारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उल्लेख आहे. मात्र कोणत्या आजारासाठी व कोणत्या रुग्णालयात, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट समावेश आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळवून सवलतींसाठी अर्ज करता येतो. अनेकांना याची कल्पना नसते. १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही मुंबईस्थित संस्थाही रुग्णांना माहिती व आधार देण्याचे काम करते.

हे प्रश्न अवश्य विचारा

प्रत्यारोपणाचा सल्ला मिळाल्यास होकार देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

१. माझ्या आजाराचे निश्चित नाव काय, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरले?

२. आजार सध्या सक्रिय आहे काय? ताज्या एमआरआयमध्ये नवे व्रण आहेत काय?

३. या उपचारात केमोथेरपी दिली जाणार आहे काय? नसल्यास प्रतिकारक यंत्रणा बदलणार कशी?

४. या केंद्राने माझ्या आजाराच्या किती रुग्णांवर प्रत्यारोपण केले? त्यांतील किती दगावले?

५. निर्णयात मेंदूविकारतज्ज्ञ व रक्तविकारतज्ज्ञ दोघेही सहभागी आहेत काय?

६. हा उपचार आहे की संशोधन? संशोधन असल्यास चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता, आणि माझ्याकडून पैसे का घेतले जात आहेत?

७. आजवर न घेतलेले एखादे प्रभावी औषध माझ्यासाठी शिल्लक आहे काय?

यांतील तिसऱ्या व सहाव्या प्रश्नाला जेथे टाळाटाळीची उत्तरे मिळतील, तेथून उठून येणे श्रेयस्कर.

पुढे काय?

संशोधन येथेच थांबलेले नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या 'नेक्सकार-१९' या देशी कार-टी पेशी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. परंतु याच तंत्राने मायस्थेनियासारख्या आजारांतील दोषी पेशी नेमक्या वेचून काढण्याचे प्रयत्न परदेशांत सुरू आहेत. ते यशस्वी झाल्यास संपूर्ण पीक मोडण्याऐवजी भेसळीची झाडे तेवढी मुळासकट उपटणे शक्य होईल. आज मात्र तो प्रयोगाचा विषय आहे. त्याच्याही जाहिराती उद्या येतील, तेव्हा हीच सावधगिरी कामी येईल.

मूळ पेशींचे प्रत्यारोपण हा चमत्कार नाही आणि थोतांडही नाही. योग्य रुग्णाला, योग्य वेळी, अनुभवी हातांनी दिला तर आजाराची वाटचाल रोखू शकणारा तो एक कठोर उपचार आहे. जो हात अजून हलतो, जो पाय अजून चालतो, तो वाचविण्यासाठी त्याचा विचार व्हावा. गेलेले परत आणण्याचे आश्वासन देऊन कोणी शेताचा सातबारा मागत असेल, तर त्याला नकार देण्याचा अधिकार रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना निश्चितच आहे.